पिल्लाचे बिऱ्हाड

कोळ्याचे आणि आपले नाते जुने असले, तरी ते प्रेमाचे कधीच नव्हते. दसरा-दिवाळी जवळ आली, की लांब काठीला केरसुणी बांधून घरोघर जी मोहीम निघते ती मुख्यत्वे याच्या जाळ्यांविरुद्ध. दुसरीकडे पाहावे, तर भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंमध्ये कोळ्याला मानाचे स्थान आहे आणि नाथमहाराजांनी तो भाग मराठीत विस्ताराने उलगडून दाखविला आहे. आंध्रातील श्रीकालहस्ती क्षेत्राच्या नावातील पहिला 'श्री' म्हणजे शिवभक्त कोळीच, अशी तेथील स्थलकथा आहे. पोथीत गुरू आणि माळ्यावर शत्रू, अशी ही दुहेरी वागणूक आमच्या घरातही पिढ्यानुपिढ्या चालत आली होती. एका कोळ्याच्या पिल्लाचे बिऱ्हाड मांडून देण्यात आमचा सबंध उन्हाळा जाईल, असे भविष्य कोणी वर्तविले असते, तर त्या ज्योतिष्याला आम्ही दक्षिणा दिली नसती.

२०२३ सालच्या एप्रिलात आम्ही उभयता इंग्लंडातील लेस्टर गावी चिरंजिवांकडे गेलो. परवाना सहा महिन्यांचा होता. चिरंजिवांचे बिऱ्हाड लंडनहून तेथे येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. अर्धे सामान अजून खोक्यांतच होते, आणि आमच्या मते त्या घरातील सर्वांत न उघडलेले खोके म्हणजे आमचा दहा वर्षांचा नातू. आमच्या घरी बोलणे कोंकणीत, पोथी-पत्र मराठीत, आणि या दोहोंत इंग्रजी मिसळून नातवाने स्वतःची एक तिसरीच भाषा केली आहे. एरवी तो त्या भाषेत अखंड बोलतो. त्या वसंतात मात्र शाळेतून यावे, खोलीत जावे आणि दार लावून घ्यावे, एवढाच त्याचा नित्यक्रम होता. नव्या शाळेविषयी विचारले, तर "बरी आहे" यापलीकडे उत्तर नसे.

गाव सोडताना आईबापांनी त्याला वचन दिले होते, की नव्या घरात तुला एखादा प्राणी पाळू देऊ. त्यांच्या मनात ससा होता. नातवाने मागितला टॅरॅन्टुला.

हे नाव ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी प्रथम ते एखाद्या पक्वान्नाचे समजून घेतले. नातवाने चित्र दाखविले तेव्हा त्यांनी जपाची माळ जी हाती घेतली, ती तासभर खाली ठेवली नाही. सूनबाई मुकाट राहिल्या. वचन त्यांनीच दिले होते.

नावाची हकीकत मोठी मौजेची आहे. इटलीत तारांतो नावाचे बंदर आहे. त्या भागातील एका कोळ्याला प्रथम हे नाव मिळाले. त्याच्या दंशावर उतारा म्हणून माणसाला घामाघूम होईपर्यंत नाचवीत, आणि त्यावरून तारान्तेला नावाचा नाच रूढ झाला, असे सांगतात. तो कोळी अगदी निराळ्या कुळातला. पुढे युरोपीय लोक अमेरिका खंडात उतरले आणि तेथील थोराड, केसाळ कोळ्यांनाही तेच नाव देऊन मोकळे झाले. आज त्या कुळात हजारावर जाती मोजल्या जातात आणि त्यांतील काही आपल्या भरतखंडातल्याच आहेत. मुरारराव घोरपड्यांच्या पराक्रमामुळे आपणां सर्वांना ठाऊक असलेली आंध्रातील गुत्ती. त्या गावी मिळालेल्या एका कोळ्याचे वर्णन पोकॉक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९९ साली केले. रंगाने तो मोरपिसासारखा निळा. आज नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधील वनाच्या एका लहान पट्ट्यातच तो आढळतो आणि नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे. परदेशांत मात्र हौशी लोकांच्या घरी काचेच्या पेट्यांतून त्याची वंशवृद्धी चालू आहे. आमच्या सह्याद्रीच्या दरडींतही बिळे करून राहणारे या कुळातले कोळी आहेत. आमचे हे लिखाण वाचून कोणा उत्साही तरुणाने खुरपे घेऊन तिकडे जाऊ नये, एवढी विनंती येथेच करून ठेवतो. बीळ उकरून काढलेला कोळी हा पाळलेला नव्हे; तो लुटलेला असतो.

नातवाने निवडलेली जात मेक्सिकोची. त्या देशाच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत हालिस्को, कोलिमा, मिचोआकान या प्रांतांतील कोरड्या पानझडी रानात ती बिळे करून राहते. मोठेपणी तिच्या काळ्याभोर पायांच्या सांध्यांवर शेंदरी पट्टे येतात. सौभाग्यवतींना त्या चित्रात एवढी एकच गोष्ट आवडली. शेंदूर लावलेला दिसतो, म्हणाल्या. ही जात १९८५ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांखाली आहे, आणि आमच्याकडे यायचे पिल्लू एका पैदास करणाऱ्याच्या घरी जन्मलेले होते, याची चिरंजिवांनी आधी खात्री करून घेतली. तिचा दंश साधारणपणे मधमाशीच्या डंखाइतका. खरा उपद्रव पोटावरच्या बारीक केसांचा. घाबरली की मागच्या पायांनी ती ते केस उडविते, आणि ते त्वचेला लागले तर खाज, डोळ्यांत गेले तर मात्र गंभीर प्रकरण. म्हणून हाताळायचे नाही, हा पहिला नियम झाला. हाताळण्याने त्या जिवाला काही सुख होते असेही नाही. मांजराला अंगावरून हात फिरविलेला आवडतो. कोळ्याच्या लेखी मनुष्याचा हात म्हणजे एक मोठा ऊबदार धोका.

आमची सारी कामगिरी पिल्लू येण्याच्या आधीची. हे आम्हांला फार समजूतदारपणाचे वाटले. घरी नवी सून यायची असते तेव्हा शहाणी सासू तिची खोली आधी लावून ठेवते. ती आल्यावर तिच्यासमोर कपाटे सरकवीत बसत नाही. नातवाने एक मोठी देखणी काचेची पेटी पाहून ठेवली होती. आत खडक, खोटी झाडे आणि एक मोडके गलबत. ती नको, असे ग्रंथावरून ठरले. पिल्लू पाय पसरून जेमतेम दीड सेंटिमीटर. एवढ्याशा जिवाला त्या महालात भक्ष्य सापडायचे नाही, आणि आम्हांलाही ते सापडायचे नाही. त्याला वाटीएवढी पारदर्शक डबी पुरे, आणि तीच हितकारक.

नातू हिरमुसला. तेव्हा आम्ही त्याला आमच्या अंत्रुजातली गोष्ट सांगितली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे आपल्या पूर्वजांनी सासष्टीतून देव हलविले, मंगेशी कुशस्थळीहून आली, म्हाळसा वेर्ण्याहून आली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. ती देवळे आज आपण पाहतो, दीपमाळ, तळी, नगारखाना, हे सारे वैभव अठराव्या शतकापासून पुढचे. नदी ओलांडून आले त्या दिवशी देवही लहानशा आसऱ्यातच राहिले होते. देवाची आणि कोळ्याची बरोबरी करण्याचा आमचा हेतू अर्थातच नव्हता; पण बिऱ्हाड आधी लहानच असते, हे नातवाला पटले. गलबत मागे पडले.

डबीत घालायला जी माती सुचविली होती, तिचे पुडके दुकानातून आले. वीट असावी तसा एक तपकिरी ठोकळा. पाण्यात टाकला तो फुगून परातभर झाला, आणि त्याचा वास घरभर सुटला. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अहो, ही तर आपली सोडणे!" खरेच, तो नारळाच्या काथ्याचा भुसा होता. ज्या सोडणांना आम्ही न्हाणीच्या चुलीत जाळतो, ती येथे मोजून पैसे देऊन विकत घ्यायची, याचे त्यांना फार नवल वाटले. परंतु त्या घटकेपासून त्या या कामात शिरल्या. भुसा पिळून कोरडा करण्याचे काम त्यांनी कोणाला करू दिले नाही. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये; खोबऱ्याचा चव पिळताना जो अंदाज लागतो तोच. लपण्याच्या जागेसाठी बुचाच्या सालीचा एक तुकडा आणला होता. बुचाच्या झाडाचे सर्वांत मोठे आगर पोर्तुगाल. ज्यांच्या राज्याखाली गोव्याने ४५१ वर्षे काढली त्यांच्या देशाच्या झाडाची साल, आमच्या माडाचा काथ्या आणि मेक्सिकोचा रहिवासी. इंग्लंडात अशा बिऱ्हाडांची वाण नाही.

डबी दोन-तृतीयांश भुशाने भरली. मातीपासून झाकणापर्यंतचे अंतर मुद्दाम थोडे ठेवले. ही जात जमिनीवरची. उंचावरून पडली तर तिचे नाजूक पोट फुटू शकते. हवेसाठी बाजूला आणि झाकणाला छिद्रे पाडली, पण ती पिल्लाच्या देहाहून लहान. भुसा एका बाजूला ओलसर, दुसऱ्या बाजूला कोरडा ठेवला. ही युक्ती आम्हांला सर्वांत आवडली. किती ओल हवी हे आपण ठरवायचे नाही; दोन्ही ठेवायची, आणि त्याचे त्याने निवडायचे. सालीच्या कडेला पेन्सिलीने बोटाच्या पेराएवढे एक तिरके भोक केले. ही बिळाची सुरुवात. पुढचे काम घरमालकाचे. ऊन लागू नये, धक्का लागू नये, अशा मांडणीवर नातवाच्या खोलीत डबी ठेवली, आणि निराळा दिवा अथवा ऊब लावली नाही. माणसाला जेथे सदऱ्यावर बसवते तेवढी उष्णता पिल्लाला पुरते.

१० मे रोजी, बुधवारी, टपालाने पिल्लू आले. चार दिवसांपूर्वी त्या देशात नव्या राजाचा अभिषेक झाला होता. गल्लीत पताका अजून लोंबत होत्या. खोक्यात खोके, त्यात एक लहान नळी, नळीत ओलसर कागदाचा बोळा आणि बोळ्याच्या घडीत आमचे पाहुणे. खोके उघडल्यावर अर्धा तास त्याला तसेच राहू द्यायचे होते. नातवाने घड्याळ समोर मांडले. मग परातीत डबी, डबीत नळी आडवी, आणि रंगाच्या मऊ कुंचल्याने मागून किंचित स्पर्श. फिकट तपकिरी रंगाचे, पोटावर एक काळसर ठिपका असलेले ते इवलेसे पिल्लू नळीच्या तोंडाशी आले, पुढचे दोन पाय उचलून त्याने जागा चाचपली, आणि एकाएकी धावत जाऊन ते डबीच्या भिंतीवर वर चढून बसले. बिळाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही.

तीन दिवस ते तेथेच होते. भुसा फार ओला असला तरी पिल्लू असे भिंतीला धरून राहते, म्हणून चिरंजिवांनी बोटाने चाचपून पाहिले. ओल बेताचीच होती. मग करायचे काय? काहीच नाही. नव्या जागी आलेला कोळी दोन-चार दिवस, क्वचित आठवडाही असा बसतो. त्या काळात खाणेही द्यायचे नाही, कारण घाबरलेला जीव खात नाही आणि भक्ष्याची वळवळ त्याला आणखी घाबरविते. नातवाला हे फार जड गेले. "आजोबा, त्याला घर आवडले नाही का?" असे त्याने दिवसातून चारदा विचारले. आम्ही विचारले, "तुला आवडले का?" त्यावर तो काही बोलला नाही, पण दाराला कडी लावण्याचे त्याने त्या दिवसापासून सोडले, कारण डबी पाहायला आजीचे येणेजाणे सुरू झाले होते.

चौथ्या रात्री पिल्लू खाली उतरले. सकाळी सालीच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढ्या मातीच्या गोळ्यांची रास दिसली. आम्ही केलेल्या भोकातच ते शिरले होते, आणि आतली माती तोंडाने उचलून, तंतूंत गुंडाळून बाहेर आणून टाकीत होते. तोंडाशी त्याने रेशमाचा पातळ पडदा पसरला. या जातीचे कोळी भक्ष्य पकडायला जाळी विणीत नाहीत. त्यांचे रेशीम म्हणजे घराचा गिलावा आणि उंबऱ्यावरची घंटा. कोणी त्यावर पाय टाकला, की आत कळते.

आता अन्नाचा प्रश्न आला, आणि तो आमच्या घरात धर्माचा प्रश्न झाला. कोळी हा मांसाहारी. त्याला वरणभात चालत नाही. त्याच्यासाठी रातकिडे विकत मिळतात, तेही जिवंत. सौभाग्यवती म्हणाल्या, "आपण होऊन घरात हत्या करायची, ती कशासाठी?" प्रश्न खोटा नव्हता. पण बुधवारी बांगड्याचे हुमण करणाऱ्या घराने रातकिड्यावर कीर्तन करावे, हेही काही शोभणारे नव्हते, आणि ते त्यांनीच आधी बोलून दाखविले. दोन दिवस त्यांनी विचार केला. वाघ पाळला नाही म्हणजे वाघ उपाशी राहतो असे नाही. पण येथे हा जीव आपण कोंडून घेतला आहे, त्याला शिकारीला जाण्याची वाट आपण बंद केली आहे, तेव्हा त्याचा आहार त्याला पोचविणे हे आता आपल्याकडे आले, असा त्यांचा निर्णय झाला. अटी दोन: देवघर असलेल्या खोलीत ते काम होणार नाही, आणि सोमवारी होणार नाही. सुदैवाने इतक्या लहान पिल्लाला जिवंत भक्ष्य लागत नाही. मोठ्या किड्यापुढे तेच घाबरते. रानात लहान पिल्ले मेलेले कीटकही खातात. म्हणून मेलेल्या रातकिड्याची एक तंगडी चिमट्याने बिळाच्या तोंडाशी ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी उरलेसुरले उचलून घ्यायचे. नाही तर बुरशी धरते. पाण्यासाठी पडद्यावर एक थेंब.

पहिली तंगडी दहाव्या दिवशी ठेवली. रात्री ठेवली, सकाळी नव्हती. नातू जिन्यावरून ओरडत खाली आला, तिन्ही भाषांत. त्या घरात आम्ही त्याचा तो आवाज प्रथमच ऐकला.

जून सुरळीत गेला. आठवड्यातून एकदा-दोनदा तंगडी. पिल्लाचे पोट मोहरीचे मिऱ्याएवढे झाले. जुलैच्या मध्यास पोटावरचा ठिपका काळाभोर झाला आणि कातडी ताणल्यासारखी तुकतुकीत दिसू लागली. त्याने दोन वेळचे अन्न जागचे हलविले नाही. २० जुलैच्या सकाळी पाहतो तो बिळाचे तोंड बंद. आतून माती ओढून, रेशमाने शिवून, दार लावून घेतलेले. ओळखता येऊ नये इतके सफाईदार.

कात टाकण्याची ही तयारी. सापाप्रमाणेच कोळ्याचे बाहेरचे कवच वाढत नाही. वाढायचे तर ते टाकून द्यावे लागते. हे नातवाला पाठ होते. त्या वर्षी अधिक श्रावण होता आणि तो दोनच दिवसांपूर्वी लागला होता. सौभाग्यवतींनी पंचांग पाहून जाहीर केले, की पिल्लाने अधिक मासाचे उपोषण धरले आहे. आमच्याही घरी आता मासळी बंद होती. आजी आणि कोळी एकाच व्रतात असल्याचे नातवाला फार गंमतीचे वाटले. पहिले पंधरा दिवस.

मग मात्र त्याचे हसणे गेले. शाळेला सुट्टी लागली होती, आईबाप कामावर, आणि तो दिवसभर त्या डबीपुढे. ऑगस्ट लागला. अधिक मास संपला, निज श्रावण आला, दार उघडले नाही. भुसा एका बाजूला थोडा ओला ठेवणे एवढेच काम होते. दुसरे काही करण्यासारखे नव्हते, आणि तेच कठीण होते. शेजारच्या वाड्यासारख्या घरांच्या ओळीतला, त्याच्याच वर्गातला एक मुलगा कोळी पाहायला आला. दिसण्यासारखे काहीच नव्हते, बंद भोक तेवढे. तो मुलगा म्हणाला, कोठे आहे? नातवाने बोट दाखविले. ते दोघे बंद भोकासमोर अर्धा तास बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा पुन्हा आला.

२० ऑगस्टच्या रविवारी संध्याकाळी नातू आमच्यापुढे उभा राहिला. हातात चहाचा चमचा. "आजोबा, एक महिना झाला. मी हळूच काढतो माती. मेले असेल तर निदान कळेल."

मुलाचे तोंड पाहून आमचाही धीर सुटायची वेळ होती. त्याला खोटे सांगणे आम्हांला मान्य नव्हते; लहान पिल्ले खरोखरच बिळात मरतात, कधी सुकून, कधी कात अडकून. आम्ही त्याला एवढेच विचारले, की ते मेले असेल तर आठ दिवस थांबण्याने त्याचे काय बिघडेल? तो म्हणाला, काही नाही. आणि जिवंत असेल, आणि आज तू चमचा घातलास तर? कात टाकताना कोळी पाठीवर उताणा पडतो, तासन् तास निपचित. पाहणाऱ्याला तो मेलाच वाटतो. नवी कातडी दुधावरच्या सायीसारखी मऊ असते, सुळेसुद्धा पांढरे आणि लेचेपेचे. मातीचा एक खडा कोसळला तरी पाय तुटतो, पोट फाटते. हे सारे त्यालाच आमच्याहून अधिक ठाऊक होते. पण ठाऊक असणे निराळे आणि हातातला चमचा खाली ठेवणे निराळे. तो रडू लागला.

तेव्हा आजी देवघरातून म्हणाल्या, "उद्या काय आहे, माहीत आहे ना? नागपंचमी. आपल्यात नागपंचमीला कोणी जमीन खणीत नाही. शेतकरी नांगर धरीत नाही, आम्ही विळीवर भाजी चिरीत नाही. का? तर बिळात राहणाऱ्यांना त्या दिवशी कोणी दुखवायचे नाही."

"पण तो नाग नाही, आजी."

"बिळात आहे ना? मग झाले."

नातवाने चमचा त्यांच्याकडे दिला. तर्काने आम्ही जे साधू शकलो नाही ते पंचांगाने साधले, याची नोंद आम्ही येथे प्रामाणिकपणे करतो. पुढे मंगळवारी त्याने आपण होऊन चमचा मागितला नाही.

त्याच दिवसांत आम्ही त्याला ऑस्ट्रेलियातील एका कोळिणीची हकीकत वाचून दाखविली. ती टॅरॅन्टुला नव्हे, पण जवळच्या गोतातली, बिळाला झडपेचे दार करणारी. बार्बरा यॉर्क मेन या विदुषींनी १९७४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका राखीव रानात तिच्यासारख्या कोळ्यांच्या बिळांवर खुणा लावून अभ्यास आरंभिला. सोळा क्रमांकाची ही कोळीण ४३ वर्षे त्याच बिळात राहिली. २०१६ साली एका गांधीलमाशीने तिचा शेवट केला असे आढळले. त्या बाई वर्षानुवर्षे रानात जात, दार शाबूत आहे ना एवढे पाहत, आणि परत येत. नातवाने विचारले, "त्या कधी उकरून बघत नव्हत्या?" आम्ही म्हटले, उकरले असते तर ४३ वर्षे कोठून झाली असती?

गुरुवारी, २४ ऑगस्टला, पस्तीस दिवसांनी, दार उघडे होते. उंबऱ्याबाहेर कुस्करलेल्या कोष्ट्यासारखे काहीतरी पडले होते, ती कात. आणि आत, अंधारात, पूर्वीपेक्षा बरेच लांब, काळसर दिसणारे दोन पाय पडद्यावर टेकलेले. नातू ओरडला नाही. त्याने हळूच येऊन आम्हांला बोलाविले आणि डबीपासून हातभर अंतरावर उभे केले. सुळे कठीण होईपर्यंत आठवडाभर अन्न द्यायचे नव्हते. तो आठवडा श्रावणातलाच. पुढली तंगडी सौभाग्यवतींनी आपण होऊन मंगळवारी सांगितली. श्रावण आपला, त्याचा नव्हे, म्हणाल्या.

आम्ही ऑक्टोबराच्या आरंभी गोव्यास परतलो. त्यानंतरच्या हकीकती दूरध्वनीवरून. पिल्लाने पुढे आणखी काती टाकल्या; आता ते चार-साडेचार सेंटिमीटर आहे, पायांच्या सांध्यांवर शेंदराची पुसट चाहूल लागली आहे, आणि ते दुसऱ्या, थोड्या मोठ्या डबीत राहते. स्थलांतर पहिल्याच रीतीने झाले. सोडणाचा भुसा आधी, भोक आधी, मग पाहुणा. या वेळी ते भिंतीवर एकच रात्र बसले. उपोषणे अधूनमधून चालूच असतात, आणि नातू ती आम्हांला तारखेनिशी कळवितो, पण त्यात आता काळजीचा सूर नसतो. घरात त्याच्याबरोबर तो शेजारचा मुलगाही बोलतो. आम्हांला त्याच्या इंग्रजीतले निम्मे कळत नाही.

नर की मादी, हे अजून ठरायचे आहे. मादी असेल तर तिचे आयुष्य वीस वर्षांहून अधिक, म्हणजे नातू तिशीत येईपर्यंत. नर असेल तर त्याच्या कितीतरी कमी. टाकलेली कात पाण्यात भिजवून, उलगडून, पोटाच्या भागाची आतली बाजू भिंगाखाली पाहिली म्हणजे ते कळते. पण कात फाटकी निघाली तर पुढच्या खेपेची वाट पाहावी लागते. मागच्या दोन्ही फाटक्या निघाल्या. पहिली कात, ऑगस्टातली, आमच्याकडे आहे. निघताना नातवाने ती कापसात गुंडाळून आजीच्या स्वाधीन केली, आणि सौभाग्यवतींनी ती आपल्या जुन्या चांदीच्या करंड्यात ठेवली. त्यातले कुंकू त्यांनी दुसऱ्या डबीत काढले आहे.